आकाशातला ठोका आणि भाचीच्या अक्षता

माझ्या भाचीच्या लग्नात बोहल्याच्या उजव्या हाताला समई होती, डाव्या हाताला झाकण काढलेला एक जुना कॉम्प्युटर होता आणि येणारी माणसं दोघांनाही नमस्कार करत होती. मी तिखटमीठ लावत नाही. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि मला विचारलं, "ह्यो कुठला द्येव म्हनायचा?"

"वेळेचा," मी म्हणालो.

"मग उदबत्ती लावा की."

उदबत्ती मात्र मी लावू दिली नाही. आत पंखा असतो.

हा देव तिथं बसला तो आक्कामुळं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नवरीची आई. तिचं स्वतःचं लग्न बेळगावात शहापूरला झालं, मुहूर्त सकाळचा होता. नवऱ्याकडची मंडळी संकेश्वराहून टेम्पोनं निघाली आणि वाटेत टेम्पो पंक्चर झाला. स्टेपनी होती, पण तीही पंक्चर होती. मंडळी पोचली तोवर मुहूर्त टळून गेलेला, भात निवून गेलेला आणि भटजी मागच्या खोलीत घोरत पडलेले. त्यांना उठवून अक्षता टाकून घेतल्या. त्या दिवशी सगळे हसले. टेम्पोच्या ड्रायव्हरलाही आहेराचा टॉवेल मिळाला.

पुढं भाची शाळेत असतानाच भावोजी गेले. सकाळी चहा पीत होते आणि गेले. त्यांच्या दिवसांतच आक्काच्या सासूबाई माणसांत बसून म्हणाल्या, "वेळेवर अक्षता पडल्या न्हाईत, त्येचं हे." टेम्पो त्यांचा, पंक्चर त्यांचं आणि दोष आक्काच्या कपाळी! मी उसळून काहीतरी बोलणार होतो, पण आक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि मी बसलो. तिनं त्या वाक्याला कधी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, ते तिनं मनावर घेतलं नाही. सासूबाईही पुढं गेल्या. ते वाक्य मात्र बेळगावातल्या अनगोळच्या तिच्या दोन खोल्यांत मुक्कामाला राहिलं होतं, हे मला भाचीचं लग्न ठरल्यावर कळलं.

लग्न निपाणीच्या मुलाशी ठरलं, मंगल कार्यालयही निपाणीतच, हायवेला लागून. मुहूर्त दुपारचा. सुपारी फुटली त्या संध्याकाळी आक्का माझ्या घरी आली, चहाला नको म्हणाली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"मला ह्या लग्नात काय बी नको. मानपान नको, साडी नको. अक्षता तेवढ्या वेळेवर पडाय पायजेत."

"पडतील की गं."

"पडतील की, न्हवं. मागं न्हाय, पुढं न्हाय. त्या टायमाला म्हंजे त्याच टायमाला. भटजींचं घड्याळ एक सांगतंय, हॉलचं एक सांगतंय. तू एवढा कॉम्प्युटरवाला हाईस, एक खरी वेळ सांगशील का न्हाय मला?"

आता साधा भाऊ असता तर त्यानं मोबाईल पुढं केला असता. पण मी एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. तिथं मला कुणी खरी वेळ विचारत नाही, सगळे फक्त प्रिंटर का चालत नाही ते विचारतात. आणि इथं माझी बहीण माझ्याकडं विश्वाची वेळ मागत होती! शकुन, मुहूर्त यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आक्का, तुझ्या लेकीच्या अक्षता उपग्रहावरनं पाडतो."

"कुठनं बी पाड," आक्का म्हणाली. "वेळेवर पाड."

त्याचं असं असतं. कॉम्प्युटरला स्वतःची वेळ असते, पण ती आमच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्यासारखी, येते खरी, पण तिचा भरवसा धरू नये. खरी वेळ वर फिरणाऱ्या उपग्रहांकडं असते. ती उतरवून घेणारा एक बिल्ल्याएवढा रिसीव्हर मिळतो. आकाश दिसेल असा खिडकीत ठेवला की तो दोन गोष्टी देतो. एका वायरीवर दर सेकंदाला एक ठोका, अगदी सेकंद सुरू होतो त्या क्षणी. दुसऱ्या वायरीवर निरोप, की आत्ता पडलेला ठोका किती वाजताचा. दोन्ही लागतात. नुसता ठोका म्हणजे ताल पक्का असलेला पण गाणं कुठलं चाललंय हे माहीत नसलेला ढोलवाला. नुसता निरोप म्हणजे गाणं पाठ असलेला पण दारू प्यालेला.

हा ठोका यूएसबीतून आत घेतला तर तो वाटेत रेंगाळतो. थेट आत जायची वाट जुन्या सिरियल पोर्टची. हल्लीच्या कॉम्प्युटरला मागं तो पोर्ट दिसत नाही, म्हणून माणसांना वाटतं तो मेला. मेलेला नसतो. झाकण काढून बघा, कितीतरी मदरबोर्डांच्या कोपऱ्यात अजून नऊ पिनांचं एक इवलंसं झुडूप उभं असतं. त्यावर पट्टीची वायर दाबून बसवायची. वायरीचं दुसरं टोक एका पत्र्यात जडवलेलं असतं, ते मागच्या खाचेत स्क्रूनं आवळायचं. झाला पोर्ट जिवंत!

पण या पट्ट्या दोन जातीच्या असतात. दिसायला जुळ्या बहिणी, आतल्या वायरींचा क्रम मात्र वेगळा. मदरबोर्डाला कुठली चालते हे मदरबोर्ड सांगत नाही आणि पट्टीवरही लिहिलेलं नसतं. मी लॅबमधल्या भंगारातून एक शोधली, मीटर लावून एकेक वायर तपासली आणि घरी सगळं जोडलं. मोठ्या आकड्यांत वेळ दाखवणारा छोटा प्रोग्रामही लिहिला. आक्काला बोलावलं. रिसीव्हरवरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच्या तालावर पडद्यावरचे आकडे बदलत होते. आक्का बराच वेळ बघत राहिली.

"हे चुकत न्हाय?"

"चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही."

"वरनं येतंय?"

"थेट वरनं."

तिनं पदरानं पडदा पुसला. मला त्या वेळी एवढा आनंद झाला होता, की आपण बहिणीच्या भीतीला मोठ्या आकड्यांचं घड्याळ बसवून दिलंय, हे ध्यानातच आलं नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे बेळगावाहून दोन गाड्या निघाल्या. एकीत माणसं, दुसरीत सामान. कॉम्प्युटर मी स्वतः दुपट्यात गुंडाळून ठेवला होता. वाटेत कुणालातरी वाटलं, रुखवताची ट्रंक हलतेय, म्हणून त्यांनी ती उचलून दुपट्यावर ठेवली. लाडू, चकल्या, साखरेचं तुळशीवृंदावन आणि पितळेची भांडी असा सगळा संसार माझ्या यंत्रावर बसून निपाणीत आला. दुपटं सोडलं तर कॉम्प्युटर ठणठणीत, पण मागं बाहेर आलेला तो पत्रा वाकून पट्टीची वायर मुळातून उपटलेली.

त्या वेळी मी मुलीचा मामा होतो. म्हणजे काय, ते आपल्याकडच्या लग्नात उभा राहिलेला माणूसच जाणे. मला जरीचं धोतर नेसवलेलं होतं आणि बिनखिशाचा रेशमी सदरा घातलेला होता. मोबाईल बायकोच्या पर्समध्ये, आणि बायको दारात पाहुण्यांना अत्तर लावायला. अशा वेषात, हातात तुटकी वायर घेऊन, मी निपाणीच्या बाजारातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. तंबाखूच्या वासानं शिंका येत होत्या. दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लगीन कुनाचं, तुमचं?"

"भाचीचं. ही पट्टी आहे का?"

त्यानं काउंटरखालचं खोकं उपडं केलं आणि धुळीतून हुबेहूब तशीच पट्टी काढली.

"वायरींचा क्रम कुठला हिचा?" मी विचारलं.

"क्रम?"

"दोन प्रकार असतात हो."

"सगळ्या एकच असत्यात ओ मामा! इतकी वर्सं हितं बसलोय, एक बी परत आली न्हाय."

परत येणार कशी? गेल्या कित्येक वर्षांत ती पट्टी मागणारा मीच पहिला असणार. मीटर आहे का विचारलं, तर तो मेहुण्यानं नेला होता. आणखी एखादी पट्टी? नाही. तेवढ्यात कार्यालयातून एक पाहुणा मोटारसायकलवरून मला शोधत आला, "चला ओ, भटजी मामाच्या नावानं शंख करायलेत!" मी पट्टी कमरेला खोचली आणि मागं बसलो.

बोहल्याशेजारी धोतराचा सोगा सावरत मी पट्टी बसवली. झाकण लावायला सवड नव्हती, तसंच उघडं ठेवलं. रिसीव्हर खिडकीत ठेवला. बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला टिपका त्याच्याबरोबर लुकलुकला. ठोका आला! मी मूठ आवळली. मग आकड्यांकडं पाहिलं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल प्रवासात मान टाकून मेला होता आणि पडद्यावर कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीची मध्यरात्र चालली होती. वरून येणारा निरोप ती दुरुस्त करील म्हणून मी थांबलो. निरोप येईना.

पट्टी दुसऱ्या जातीची होती. दोन्ही जातींत पहिली वायर एकाच जागी जाते, आणि ठोका नेमका पहिल्या वायरीवर असतो. म्हणून तो सुखरूप पोचला. निरोप मात्र भलत्याच पिनेवर जाऊन दार ठोठावत होता, आणि ज्या पिनेनं ऐकायचं ती रिकामी बसली होती. माझ्यापुढं आता असं यंत्र होतं, ज्याला सेकंद नेमका कधी सुरू होतो हे साऱ्या सीमाभागात सर्वांत अचूक माहीत होतं. तो सेकंद कुठला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

खिसा नाही, मोबाईल नाही, वायरी बदलून जोडायला डाग मारायची सळी नाही. भटजी ओरडतायत, सनईची कॅसेट अडकलीय, आणि समोर खांबाआडून आक्का बघतेय. तिनं लांबूनच मान उडवून विचारलं, झालं का? मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

भिंतीवर हॉलचं मोठं घड्याळ होतं. त्यावरून मी तास आणि मिनिट हातानं घातलं, सेकंदकाटा बारावर आला तशी कळ दाबली, आणि वरच्या ठोक्यानं सेकंद ओढून जागेवर बसवला. मोठे आकडे झळकले. भोवतालच्या चारदोन माणसांनी टाळ्या वाजवल्या. भटजींनी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात ठेवलं. "आता हे कशाला? तुमचंच प्रमाण."

तेवढ्यात भाचीचे काका आले, म्हणजे आक्काचे धाकटे दीर. पंक्चर टेम्पोत तेही होते. त्यांनी मोबाईल काढला, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा मोबाईलकडं पाहिलं.

"पाव्हणं, तुमचं यंत्र पळायलंय. माझ्यात कमी वाजल्यात."

"तुमचा मोबाईल कुठला टॉवर धरतोय?" मी विचारलं.

"आता मगाशी मेसेज आला, महाराष्ट्रात स्वागत हाय म्हनून. बसलोय कर्नाटकात."

"मग झालं तर."

"म्हंजे म्हाराष्ट्रात टाइम मागं हाय?"

"अण्णा, सगळंच मागं हाय तिकडं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमच्या कर्नाटकात लई पुढं गेलंय! संकेश्वरचा रस्ता बघा जावा."

झालं! तिथं सीमाप्रश्न पेटला. एक म्हणाला, तिकडं लाईट चांगली. दुसरा म्हणाला, इकडं दूध चांगलं. हॉलचा वॉचमन कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत मध्ये पडला. काकांच्या मोबाईलमधली बिचारी खरी वेळ त्या गोंधळात तुडवली गेली. मीही शेवटी मोठ्या रुबाबात सांगून टाकलं, "अण्णा, तुमचं टॉवरवरनं येतंय. माझं टॉवरच्याही वरनं."

काकांनी मोबाईल खिशात घातला.

मग भटजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी घेऊन आलो. भाचीनं वडगावच्या मागावर विणलेला शालू नेसला होता आणि तिचा हात थंडगार होता. कानात म्हणाली, "मामा, आईकडं बघ, श्वास तरी घ्यायला सांग." आक्का अजून खांबाशीच होती. तिला कुणी मागं उभी राहा म्हणालं नव्हतं. पुढं ये, असंही कुणी म्हणालं नव्हतं. मुलीच्या बाजूनं बोहल्यावर काका-काकू उभे होते, आणि हे इतकं रीतसर होतं, की त्यात काही राहून गेलंय असं माझ्याही मनात आलं नाही. मी आकडे बघत होतो.

अंतरपाट धरला. मंगलाष्टका चालू झाल्या. भटजी एक डोळा पोथीवर आणि एक पडद्यावर ठेवून शेवटचं कडवं लांबवत होते, गवई तान लांबवतो तसं. आकडे सरकले, सगळा हॉल नकळत माझ्या पडद्याबरोबर मोजायला लागला, आणि ठोक्याला "सावधान" पडलं. सेकंदाच्या कणभरही इकडंतिकडं नाही. बँड फुटला. अक्षतांचा पाऊस पडला. निम्म्या माझ्या कॉम्प्युटरवर पडल्या असत्या, पण मी सोगा आडवा धरला. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बायकोला सांगितलेलं आहे.

पहिली गडबड दारात झाली. नवऱ्याच्या तालमीतली दहाबारा माणसं घाम पुसत आली आणि बोहल्याकडं बघून थबकली.

"आरं, पडल्या?"

"पडल्या की."

"आजून टाइम हाय न्हवं? आमी टायमात आलोय!"

"चुकलंच तुमचं," आतला एक जण जिलेबी मोडत म्हणाला. "लग्नाला टायमात कोन येतंय?"

लोक हसले. मीही हसलो. त्यांच्या मागून माझी बायको आली, हातात अत्तरदाणी तशीच.

"अहो! माझ्याशिवाय अक्षता टाकल्या? मी मामी आहे तिची!"

"मुहूर्त कुणासाठी थांबतो का?"

"पण मुहूर्ताला अजून वेळ होता ना!" तिनं पर्समधून माझा मोबाईल काढून नाकासमोर धरला.

मी मोबाईल पाहिला. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. भटजींचं घड्याळ अजून माझ्या मुठीत होतं, मूठ उघडून ते पाहिलं. मोबाईल आणि भटजी एका मतानं बोलत होते. भिंत दहाबारा मिनिटं पुढं होती आणि माझा आकाशातला देव भिंतीची री ओढत होता. मुहूर्त अजून यायचा होता.

वॉचमनला गाठलं. "ह्या घड्याळाला कुणी हात लावला?"

"नानु अल्ला री," तो म्हणाला. मी नव्हे. मग हसून हळूच बोलला, "सकाळी मुलीच्या आईनं स्टूल मागून घेतल्यानी. सोता चढल्या बगा."

मी वळलो, तर आक्का माझ्या पाठीमागंच उभी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी भावोजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती चक्क हलकी दिसत होती.

"बरोबर पडल्या न्हवं रं? बघितलं मी. ठोक्याला ठोका."

मी म्हणालो, "आक्का, ते भिंतीवरचं घड्याळ..."

"मीच पुढं केलं," ती खुशीत म्हणाली. "नवऱ्याकडच्या माणसांना टायमावर आणायचं म्हंजे तसंच कराय लागतंय. जानवशाच्या खोलीतलं बी केलं. आमच्या टायमाला कुनी केलं असतं तर..." आणि ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मी लहानपणी पाटीवर चुकीचं उत्तर लिहिलं तरी ती अशीच बघायची.

"तुझं तर वरनं येतंय न्हवं?"

होय म्हणायचं होतं. एवढंसं होय! सगळं लग्न पार पडलं होतं, पोरगी हसत होती, पंगत बसली होती. ठोका वरूनच आला होता, तेवढं तरी खरं होतं. पण मी नुसता धोतराच्या निऱ्या चाचपत उभा राहिलो आणि आक्काला कळलं.

ती रडली नाही. ओरडली नाही. खुर्चीची पाठ धरली आणि माझ्यापेक्षा भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "मीच केलं."

मला काय काय सुचलं! मुहूर्त म्हणजे काय सुईचं टोक आहे का, असं म्हणावंसं वाटलं. पंक्चर टेम्पोनं भावोजींना काही केलं नव्हतं, हेही म्हणावंसं वाटलं, जे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण ज्यानं गेला महिनाभर तिला सेकंदाचे तुकडे करून दाखवले, त्यानं आता वेळेला काही अर्थ नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं? काकांनी लांबून हात केला, "वैनी, जेवाय चला! अक्षता बी झाल्या टायमाच्या आधी, आता तुमचं काय ऱ्हायलंय?" ते चेष्टेनंच बोलले. आक्कानं पदर सावरला.

"किती हाय आजून?" तिनं मला विचारलं.

"कशाला?"

"खऱ्याला."

मी मोबाईल बघून सांगितलं. जेमतेम एक पंगत वाढून होईल एवढा वेळ होता.

ती खांबाशी गेली, कुणाच्यातरी हातून सांडलेल्या ताटलीतल्या अक्षता ओंजळीत भरून घेतल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी मोबाईलवरून मिनिट घातलं, ठोका सेकंदाला आपसूक धरून बसला. या वेळी आकडे खरोखर खरे होते, पण हॉलमधलं कुणीही आता त्यांच्याकडं बघत नव्हतं. बोहल्यावर फोटोग्राफर नवरानवरीला वाकवत, वळवत होता. एकमेकांकडं बघा, आता छताकडं बघा, आता हसा.

"जवळ जा की," मी म्हणालो. "वर जा. लेक आहे तुझी."

"हितनंच बरं हाय. तू सांग."

मी पडद्याकडं बघून आकडे हळू आवाजात मोजायला लागलो. पंगतीत कुणीतरी मठ्ठा मागत होतं. वॉचमन स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागं करत होता. आक्काचे ओठ हलत होते. मंगलाष्टक होतं की आणखी काही, मला ऐकू आलं नाही. ठोका आला तसं मी म्हणालो, "सावधान."

आक्कानं ओंजळ उडवली.

ताकद कमी पडली. दोनचार दाणे भाचीच्या खांद्यापर्यंत पोचले, काही फोटोग्राफरच्या केसांत गेले आणि उरलेले सगळे माझ्या उघड्या कॉम्प्युटरात. भाची वळली. तिनं खांद्यावरचा दाणा बोटानं टिपला, आईला पाहिलं, आणि फोटोग्राफर ओरडत असतानाही पुन्हा छताकडं बघायला तयार होईना.

"वैनी!" काका हातात पत्रावळ घेऊन उभे होते. "आता ह्या कसल्या अक्षता?"

"माझ्या," आक्का म्हणाली.

काकांनी तोंड उघडलं आणि घास घालून मिटलं. कॉम्प्युटरच्या पंख्यात तांदूळ अडकून करकर असा आवाज यायला लागला. आत काहीतरी जळेल म्हणून मी बटणाकडं हात नेला, तर आक्कानं माझं मनगट धरलं.

"राहू दे रं," ती लाल दिव्याकडं बघत म्हणाली. "हे मिनिट तेवढं संपू दे."